तीन हजार किलो भरड आणि 31 मार्च

आमच्या कारखान्यात मिरची पावडरीचा किलोचा खर्च वर्षानुवर्षं एका ओळीत निघायचा. महिन्याचा सगळा खर्च घ्यायचा आणि पाकिटांत भरून बाहेर पडलेल्या किलोंनी भागायचा. ड्रायरच्या ट्रेमध्ये, मशीनच्या पोटात, चाळणीपाशी जो माल अर्धवट पडलेला असेल तो स्टॉकमध्ये सरळ खरेदीच्या भावाने धरायचा. कारखाना तुर्भ्याच्या एमआयडीसीत, मसाल्याचा, फार मोठा नाही. बिलं चोख, जीएसटी वेळेवर, पगार वेळेवर, त्यामुळे या एका ओळीबद्दल कधी कोणाला शंका आली नव्हती. 2023-24 चं ऑडिट जवळ आलं आणि सीएंच्या ऑफिसातून विचारणा झाली, ‘अर्धवट मालाची किंमत कशी धरली त्याचं वर्किंग पाठवा.’ कॉस्टिंग माझ्याकडे असल्याने ते काम माझ्याकडे आलं.

त्या कामातून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. किलोचा खर्च म्हणजे एक भागाकार. वर रुपये, खाली किलो. वरच्या प्रत्येक रुपयाला कागद असतो: मिरचीचं बिल, विजेचं बिल, मस्टर. ते तपासायला चार माणसं असतात. खालच्या किलोंना बिल नसतं. ते कोणी मोजले, कुठे मोजले, त्यातले पूर्ण किती आणि अर्धे किती, हे कोणी विचारत नाही. आणि किलोचा भाव बिघडतो तो बहुतेक वेळा तिथेच.

म्हणून मी एक्सेल उघडण्याआधी खाली फ्लोअरवर गेले आणि माल ज्या वाटेने जातो त्याच वाटेने पोत्यापासून पाकिटापर्यंत चालत गेले. वाशीच्या मसाला मार्केटमधून, काही वेळा थेट गुंटूरहून, ट्रक येतो. काट्यावर पोती चढतात, बारदानाचं वजन वजा होतं आणि निव्वळ वजन रजिस्टरला लागतं. तिथून मिरची निवडीला जाते. निवडीला घणसोली, कोपरखैरणे, दिघ्याकडून येणाऱ्या मावशी आहेत. हाताला खोबरेल तेल चोपडून बसतात, नाहीतर संध्याकाळपर्यंत तळहात पेटलेले असतात. देठ काढायचे, काळ्या-पांढऱ्या पडलेल्या मिरच्या बाजूला करायच्या, खडे-माती झाडायची. मग ड्रायरमध्ये वाळवण. वाळल्यावर पल्व्हरायझरची, म्हणजे दळणाच्या मशीनची, पहिली फेरी, म्हणजे भरड. ती थंड झाली की दुसरी फेरी, बारीक दळण, चाळणी, मिश्रण. शेवटी पॅकिंग.

एका मावशींनी मला हातात दोन मिरच्या दिल्या आणि म्हणाल्या, “ताई, मोडून बघा.” एक कट् करून तुटली, दुसरी नुसती वाकली. “ही वाकली ना, हिच्यात अजून पाणी आहे. पाण्याचे पैसे देऊन आणलंय तुम्ही.” प्रोसेस कॉस्टिंगमधलं (टप्प्याटप्प्याने बनणाऱ्या मालाचा खर्च काढण्याच्या पद्धतीतलं) घटीचं प्रकरण इतक्या थोड्या शब्दांत मला कोणी शिकवलं नव्हतं.

अडचण अशी होती की वजन फक्त दोन ठिकाणी होत होतं, गेटवर आणि पॅकिंगला. मधल्या वाटेवर किती मिरची कुठे कमी झाली याची कसलीही नोंद नव्हती. शेवटी एकत्रित घट दिसायची आणि ‘मिरची आहे, एवढी घट येणारच’ असं म्हणून तो विषय संपायचा. मी सुपरवायझर काकांना आणखी दोन ठिकाणी वजन मागितलं, ड्रायरमधून बाहेर पडताना आणि दळणातून बाहेर पडताना. माणसं आधीच कमी होती, आणखी दोनदा पोतं उचलायला कोण तयार होणार? शेवटी गोडाऊनमधला जुना प्लॅटफॉर्म काटा ड्रायरच्या दाराशी आणून ठेवला. ट्रॉली त्यावरूनच पुढे जाते, पोतं उचलावं लागत नाही. माझ्या दृष्टीने या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा बदल हाच. पुढचं गणित त्याच्या जिवावर उभं आहे.

आता गणित. आकडे मी गोल केले आहेत, पण प्रमाण खऱ्यासारखंच आहे.

मार्च महिन्यात निवडीला 20,000 किलो मिरची गेली. किलोला 180 रुपये, म्हणजे 36,00,000. हे 180 नुसतं बिलातलं नाही. बिलाची रक्कम, ट्रकचं भाडं, हमाली, तोलाई, दलाली, हे सगळं मिरची आपल्या दारात येईपर्यंतचं त्यात आलं. जीएसटीचं क्रेडिट मिळतं म्हणून तो कर त्यात नाही, आणि अडत्याने दिलेली सूट वजा आहे. निवडीची मजुरी आणि वाळवणीचा खर्च 1,92,000.

मधल्या वजनांमुळे घट फोडून दाखवता आली. देठ सहा टक्के, म्हणजे 1,200 किलो. उरल्या 18,800 किलो मिरचीत साधारण 13 टक्के पाणी होतं, ते वाळवून 10 टक्क्यांवर आणलं. घाईत ‘तीन टक्के कमी झाले’ म्हणतात, पण हिशेब कोरड्या भागावरून करायचा असतो. 18,800 ला 87 ने गुणून 90 ने भागलं की साधारण 18,175 उरतात, म्हणजे पाण्यापायी सव्वासहाशे किलो गेले. माती, खडे, खराब मिरची मिळून आणखी पावणेदोनशे. एकूण 2,000 किलो, दहा टक्के. मागच्या लॉटांची जी वजनं हाती होती तीही याच्या आसपासच होती, म्हणून दहा टक्के ही या मिरचीची नॉर्मल घट धरली.

नॉर्मल घटीचा खर्च चांगल्या मालाने सोसायचा असतो, कारण ती घट झाल्याशिवाय चांगला माल तयारच होत नाही. देठ विकून 12,000 रुपये आले ते खर्चातून वजा केले. 36,00,000 अधिक 1,92,000 वजा 12,000, म्हणजे 37,80,000. त्याला 18,000 ने भागलं, किलोला 210 रुपये. गेटवर 180 ची असलेली मिरची ड्रायरच्या दाराशी 210 ची झाली. त्या तीस रुपयांत मजुरी आणि वाळवण साडेदहा रुपयांहून थोडीच जास्त. बाकीचे देठ आणि पाणी.

पण काट्यावर 18,000 किलो आलेच नाहीत, 17,600 आले. चारशे किलो कुठे गेले हे सगळ्यांना ठाऊक होतं. एका रात्रपाळीत ड्रायरचा थर्मोस्टॅट अडकला आणि पूर्ण लॉट काळा पडला. कोणी घ्यायलाही तयार नव्हतं, फेकून दिला. साहेबांचं म्हणणं, “अगं, मिरची तर वापरलीच ना? मग तिचा खर्च राहिलेल्या मालावर टाक.” तसं केलं असतं तर 37,80,000 भागिले 17,600, किलोला 214 रुपये 77 पैसे. पावणेपाच रुपयांनी महाग मिरची. आणि ती 31 मार्चला गोडाऊनमध्ये उरलेल्या मालात बसली असती. म्हणजे मार्चमधल्या बिघाडाचा काही भाग आपण मालमत्ता म्हणून ताळेबंदात मांडला असता. एएस-2, म्हणजे स्टॉकच्या मूल्यांकनाचं लेखामानक, यात संदिग्धता ठेवत नाही: कच्चा माल, मजुरी किंवा इतर उत्पादन खर्चातली असाधारण नासाडी स्टॉकच्या किमतीत घेता येत नाही. म्हणून 400 किलो गुणिले 210, 84,000 रुपये, सरळ नफा-तोटा खात्यात. साहेबांना ते टोचलं. पण हा आकडा वेगळा दिसला म्हणूनच ड्रायरच्या देखभालीच्या कराराचा विषय त्याच आठवड्यात निघाला. किलोच्या भावात विरघळलेले पावणेपाच रुपये कोणाच्याच नजरेला आले नसते.

यानंतर दळणाचा विभाग, आणि सीएंचा मूळ प्रश्न इथलाच. (दळताना वाफेने आणि धुळीने थोडी घट येते, ती इथे सोडून देते, नाहीतर मुख्य मुद्दा हातातून निसटेल.)

1 मार्चला दळणात 2,400 किलो अर्धवट माल होता. त्यात आधीच्या विभागातून आलेल्या मिरचीचे 4,80,000 रुपये आणि दळणाचा तोवर झालेला खर्च 11,600. महिन्याभरात निवडीकडून 17,600 किलो आले, 210 च्या भावाने 36,96,000 चे. दळणाचा महिन्याचा खर्च 1,49,500: वीज, ऑपरेटर, थंड करण्याची व्यवस्था, झिजलेले हॅमर, जाळ्या. एकूण 20,000 किलो. त्यातले 17,000 पूर्ण होऊन पॅकिंगला गेले. 31 तारखेच्या रात्री 3,000 किलो भरड विभागातच होती, पहिली फेरी झालेली, दुसरी बाकी.

या 3,000 किलोंना किती किलो धरायचं? पुस्तकात याला समतुल्य उत्पादन म्हणतात, ऑफिसात सगळे इक्विव्हॅलंट युनिटच म्हणतात. तव्यावर चार भाकऱ्या अर्ध्याच भाजून ठेवल्या तर जाळ दोन भाकऱ्यांचाच लागला, पण पीठ चारही भाकऱ्यांचं गेलं. भरडीचंही तसंच. मिरची तीन हजार किलोंची पूर्ण गेलेली आहे, त्यात अर्धंमुर्धं काही नाही. अर्धी आहे ती फक्त दळणाची मेहनत. म्हणून मिरचीचे 3,000 वेगळे आणि दळणाचे समतुल्य किलो वेगळे. एकाच मालाला दोन छेद.

हे लेखी वाचताना सोपं वाटतं. आमच्याकडे आधी बनलेल्या एका कच्च्या तक्त्यात ‘माल 50 टक्के पूर्ण’ असं लिहून सगळ्यालाच 50 टक्के लावलेले होते. त्याचा परिणाम बघा. मिरचीचे एकूण 41,76,000 रुपये. छेद 17,000 अधिक 1,500, म्हणजे 18,500. किलोला 225 रुपये 73 पैसे. मग भरडीतली मिरची 3,38,595 रुपयांची. खरा हिशेब असा: 41,76,000 भागिले 20,000, किलोला 208 रुपये 80 पैसे, आणि भरडीतली मिरची 6,26,400 ची. दोन लाख सत्त्याऐंशी हजारांहून जास्त फरक. शिवाय पूर्ण झालेली पावडर किलोमागे जवळजवळ सतरा रुपयांनी महाग दिसते ती वेगळीच. त्या भावावर कोणी कोटेशन दिलं तर ऑर्डर हातची जाणार. बेरीज जुळते, ताळा बसतो, म्हणून हे लक्षातही येत नाही.

दळणाचे टक्के किती, हा प्रश्न मी काकांना विचारला. मला वाटत होतं दोन फेऱ्या, एक झाली, म्हणजे पन्नास. काका म्हणाले, “ताई, दोन फेऱ्या सारख्या नसतात. भरडीला मशीन खेळत चालतं. खरं खातं ते बारीक दळताना. जाळी बारीक, लोड जास्त, पावडर गरम होते म्हणून मधेमधे थांबायचं, त्यात चाळणी.” मग आम्ही मशीनच्या पॅनेलवरचा मीटर भरडीच्या पाळीत आणि दळणाच्या पाळीत वेगवेगळा वाचला, दोन्हीकडचे तास आणि माणसं लिहून काढली. खर्चाचा साधारण तीस टक्के भाग भरडीपर्यंत होतो आणि सत्तर पुढे, असं निघालं. म्हणजे 3,000 किलो भरड दळणाच्या दृष्टीने 900 किलोंच्या बरोबरीची.

11,600 अधिक 1,49,500, म्हणजे 1,61,100. छेद 17,000 अधिक 900. किलोला बरोबर 9 रुपये. भरडीवर झालेलं दळण 8,100. मिरची 6,26,400. शिल्लक अर्धवट माल 6,34,500 रुपये. पॅकिंगला गेलेले 17,000 किलो 217 रुपये 80 पैशांनी, 37,02,600. दोन्ही मिळून 43,37,100, जेवढे विभागात आले तेवढेच.

तिसाऐवजी पन्नास टक्के धरले असते तर दळणाचा आकडा पाच हजारांनी इकडेतिकडे झाला असता, फार नाही. कारण मिरचीच्या धंद्यात माल महाग आणि प्रक्रिया स्वस्त. जिथे वीज किंवा रिअॅक्टरचे तास हाच मोठा खर्च असतो, त्या रंगाच्या किंवा रसायनाच्या कारखान्यात हेच टक्के लाखांचा फरक करतात. पण रक्कम लहान असली तरी आकडा मशीनजवळ उभ्या असलेल्या माणसाकडूनच यायला हवा, वर बसून ठरवलेला नको, यावर मी ठाम आहे. काकांनी सही केलेला तो कागद वर्किंगला जोडला. ऑडिटच्या मुलीने सर्वांत आधी तोच काढून वाचला.

जुन्या रीतीने ही भरड 180 ने धरली गेली असती, 5,40,000 ची. म्हणजे साडेचौऱ्याण्णव हजारांनी कमी, आणि नफाही तेवढ्यानेच कमी. साहेबांचा पहिला विचार असा, की नफा कमी दिसला तर कर कमी, मग काय बिघडलं? बिघडतं ते असं, की एका वर्षाचा शेवटचा स्टॉक पुढच्या वर्षाचा पहिला स्टॉक असतो. या वर्षी लपलेला नफा पुढच्या वर्षी तेवढाच वर येतो, आणि मधल्या काळात बँकेला आपण आहोत त्यापेक्षा दुबळे दिसतो. शिवाय 2023 च्या वित्त कायद्याने तेव्हाच्या, 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 142(2ए) मध्ये बदल झाला होता. अधिकाऱ्याला वाटलं तर तो कॉस्ट अकाउंटंटकडून स्टॉकचं मूल्यांकन करून घ्यायला सांगू शकत होता. हे सांगितल्यावर चर्चा लवकर संपली. 1 एप्रिल 2023 चा पहिला स्टॉकही आम्ही त्याच पद्धतीने पुन्हा मांडला. नाहीतर दोन टोकांना दोन मापं राहिली असती आणि सगळा फरक 2023-24 च्या नफ्यात येऊन पडला असता.

भारित सरासरी (जुना-नवा माल मिळून एकच भाव) की फिफो (आधी आलेला माल आधी गेला असं धरणं) यावरही बोलणं झालं. एएस-2 ला दोन्ही चालतात, लिफो (शेवटी आलेला माल आधी गेला असं धरणं) चालत नाही. फिफोने, 1 मार्चच्या 2,400 किलोंचं दळण साठ टक्के झालेलं धरून, मार्चचेच भाव शिलकीला लागतात: मिरची 210 ने, दळण 9 रुपये 8 पैशांनी, आणि भरड 6,38,174 ची होते. सरासरीपेक्षा साडेतीन हजारांहून थोडी जास्त. आमच्याकडे भरड एकाच हौदात पडते, जुनी-नवी मिसळते, कोणतं पोतं आधीचं हे सांगताच येत नाही. म्हणून सरासरी घेतली. एकदा घेतली की भाव चढो वा पडो, तीच चालवायची.

कायम खर्चाचा एक मुद्दा थोडक्यात. भाडं, घसारा, सुपरवायझरचे पगार हे पावसाळ्यातही तेवढेच असतात, पण तेव्हा आमचं दळण निम्म्यावर येतं. उन्हाळ्यात घरोघरी वर्षाचा मसाला होतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये मागणी थंड असते. अशा महिन्यात सगळा कायम खर्च थोड्या किलोंवर टाकला तर पावडर कारण नसताना महाग होते. म्हणून कायम उत्पादन खर्च मशीनच्या सर्वसाधारण वार्षिक क्षमतेवर वाटला. उरला तो त्या काळाचा खर्च.

सर्वांत जास्त वाद झाला तो कोल्ड स्टोरेजच्या भाड्यावरून. हंगामात, फेब्रुवारी ते एप्रिल, मिरची घेऊन ती शीतगृहात ठेवतात आणि वर्षभर काढतात. साहेबांचं म्हणणं मला तेव्हाही पटण्यासारखं वाटलं: “बाहेर ठेवली तर रंग उडतो, कीड लागते. मग ते भाडं मिरचीचंच की!” पण लेखामानकात साठवणुकीचा खर्च स्टॉकच्या किमतीत धरायचा नाही असं आहे. अपवाद एकच, पुढच्या उत्पादन टप्प्याआधी ती साठवणूक प्रक्रियेचाच आवश्यक भाग असेल तर. आमची मिरची शीतगृहात राहते ती प्रक्रियेला तशी हवी म्हणून नाही. आजची मिरची आज दळली तरी उत्तम पावडर होते. ती राहते कारण हंगामात एकदम घेणं आपल्याला परवडतं. तो खरेदीचा निर्णय आहे, उत्पादनाचा टप्पा नाही. याउलट भरड दुसऱ्या फेरीआधी गार करण्यासाठी ज्या खोलीत ठेवतो, त्या खोलीचा खर्च दळणात धरला, कारण गरम भरड लगेच दळली तर रंग काळवंडतो. सीएंनी ही विभागणी मान्य केली. मला आजही ती बरोबर वाटते, जरी त्यामुळे बऱ्याच भाड्याचा बोजा एकाच वर्षावर आला.

31 मार्चच्या मोजणीला मी फ्लोअरवर होते. दुसरी पाळी संपल्यावर मशीन बंद केली, हॉपर (मशीनमध्ये माल टाकायचं तोंड) आणि सायक्लोनच्या (दळलेला माल गोळा होतो त्या भागाच्या) खालचं पोतं उतरवलं, हौदातली भरड पोत्यांत भरून काट्यावर घेतली. मास्क असूनही सगळे शिंकत होते. अशा वेळी माणसाला लवकर संपवावंसं वाटतं आणि हॉपरमधला माल ‘असेल शंभरेक किलो’ म्हणून सुटतो. आम्ही तो उतरवून तोलला. त्या रात्री गेटवर आलेला एक ट्रक उतरला नव्हता, त्याचं बिल मात्र लागलं होतं. तो माल वेगळा, मार्गस्थ म्हणून, दाखवला.

किंमत निघाली तरी काम संपलं नव्हतं. खर्च आणि निव्वळ विक्रीमूल्य (विक्रीचा भाव वजा विकण्याचा खर्च) यात जे कमी असेल ते धरायचं असतं, आणि 2024 चा मार्च त्यासाठी कठीण होता. मिरचीचे भाव घसरत होते. 11 मार्चला हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीच्या बाजार समितीत पडलेल्या भावावरून शेतकऱ्यांचा उद्रेक झाला, ऑफिसची तोडफोड झाली. आमच्याकडे आदल्या हंगामात 340 ने घेतलेली ब्याडगी मिरची शीतगृहात होती आणि तसाच माल आता 230 ला मिळत होता. साहेब आधी म्हणाले, सगळी 230 ने धरू. मग म्हणाले, सगळी 340 ने राहू दे.

दोन्ही नाही. कच्चा माल कमी किमतीला आणायचा की नाही हे त्याच्या आजच्या भावावरून थेट ठरत नाही, त्यापासून बनणारा माल किती किमतीला सुटणार यावरून ठरतं. ब्याडगीची पावडर दोन वाटांनी जाते. पाकिटातली पावडर पॅकिंगसकट 419 ला पडत होती. वितरकाला 480 ने जात होती, विक्रीचा खर्च 30 वजा जाता 450. खर्च भरून निघत होता, म्हणून ती पाकिटं आणि त्यांच्यासाठी ठेवलेली मिरची खर्चानेच राहिली, बाजार कितीही पडलेला असो. सुटी पावडर मात्र हॉटेलवाल्यांना आणि व्यापाऱ्यांना जाते, तिथे भाव लगेच उतरतो. 1,500 किलो सुटी पावडर, खर्च 397, अपेक्षित विक्री 330, दलाली आणि वाहतूक 8, म्हणजे हाती 322. किलोमागे 75 रुपये, एकूण 1,12,500 खाली आणले. सुट्या विक्रीसाठी वेगळी काढलेली मिरचीही बाजारभावाला आणली. पाकिटांचा फायदा आणि सुट्याचा तोटा एकमेकांत वळते करून ‘एकूण ठीक आहे’ असं म्हणायला मी तयार नव्हते. मूल्यांकन मालाच्या प्रकारागणिक करायचं असतं.

आता प्रत्येक महिनाअखेरीला भरडीच्या पोत्यांवर चिठ्ठी लागते: लॉट नंबर, वजन, ‘भरड झाली, दळण बाकी’. बँकेला जाणारं स्टॉक स्टेटमेंटही त्याच तक्त्यातून बनतं. दहा टक्के घटीचा आकडा मात्र मी सगळ्या मिरच्यांना लावत नाही. गुंटूरची तेजा जातीची मिरची आता देठ काढलेलीही येते. तिला जुनीच दहा टक्के लावली तर दर महिन्याला कागदावर असाधारण नफा दिसेल. प्रत्यक्षात तो नफा नसतो, देठ काढल्याचे पैसे आपण आधीच भावात मोजलेले असतात. तिच्या लॉटांची वजनं ड्रायरच्या दाराशी वेगळ्या पानावर उतरवणं चालू आहे. पुरेशी झाली की तिचा स्वतःचा घटीचा आकडा ठरवणार आहोत.